तारखेवर ठेवलेलं बोट

आमच्याकडे कुणाचा निरोप घेताना "या एकदा घरी" असं म्हणतात. एसटीत शेजारी बसलेल्या माणसाला म्हणतात, दवाखान्याच्या रांगेत ओळख झालेल्याला म्हणतात, ज्याच्याशी बांधावरून भांडण चालू आहे त्यालासुद्धा म्हणतात. मी स्वतः शहाद्याच्या स्टँडवर किती जणांना बोलावून ठेवलं असेल, देव जाणे. त्यातलं कुणी आलं नाही, आणि येणार नाही हे मलाही ठाऊक होतं. समोरचा "येतो ना" म्हणतो, मग दोघंही आपापल्या गाडीत खुशीत बसतात. पंचावन्न वर्षं या वाक्यानं माझं काही वाकडं केलं नाही. ते मी हॉलंडात जाऊन म्हणालो आणि फसलो.

फसलो म्हणणंही बरोबर नाही. फसवलं मी. पण क्रमानं सांगतो.

माझी मुलगी लग्न होऊन उत्रेख्तजवळच्या एका लहान गावात राहते. ती आणि जावई दोघंही नोकरी करतात, चार वर्षांचा नातू आहे. मी शहाद्याला शाळेत गणित शिकवतो. मागच्या उन्हाळ्याच्या सुटीत मी आणि बायको पाच आठवडे तिच्याकडे राहून आलो. त्यांच्या घराला लागून, एकाच भिंतीपलीकडे, एक्काहत्तर वर्षांच्या बाई एकट्या राहतात. मुलगी त्यांना सरळ नावानं हाक मारते. तिथं तशीच पद्धत आहे, आणि मीही नावानंच बोलवावं असं त्यांनी मला पहिल्याच दिवशी बजावलं. माझ्यापेक्षा पंधरा-सोळा वर्षांनी मोठ्या बाईचं नाव माझ्या जिभेवर येईना. मी "मॅडम" म्हणालो, तर त्या मागं वळून बघायला लागल्या, की आणखी कोण आलंय. मनातल्या मनात मी त्यांना शेजारीणबाई म्हणत असे, तेच इथंही लिहितो.

शेजारीणबाई भर पावसात सायकलवर बाजाराला जात. परत येताना पिशवीतून कांद्याच्या पातीसारखी जाडजूड भाजी बाहेर डोकावत असे. मी खिडकीतून बघायचो. खिडक्या त्यांच्याकडे ह्या भिंतीएवढ्या, आणि पडदा कुणाच्याच घरी ओढलेला नाही. अख्खं कुटुंब दिवाणखान्यात बसलेलं रस्त्यावरून दिसतं. पहिला आठवडाभर मी फिरायला निघालो की मान खाली घालून चालायचो, जसा काही मीच उघडा पडलोय. बायको मात्र प्रत्येक घरात नीट बघून घ्यायची आणि कुणाच्या घरी कपडे घडी न करता पडलेत ते मला सांगायची.

एकदा संध्याकाळी सहाच्या सुमारास शेजारीणबाईंचं भांडं परत द्यायला मी गेलो. बायकोनं त्यात शिरा भरून दिला होता, रिकामं भांडं कसं द्यायचं. त्यांनी दार उघडलं, भांडं घेतलं, आभार मानले आणि म्हणाल्या, मी आता जेवते आहे. मग हसून दार लावून घेतलं. मी दोन मिनिटं त्या दाराकडे बघत उभा होतो. शहाद्यात असं झालं असतं तर दोन्ही घरांची पुढच्या पिढीपर्यंत सोयरीक तुटली असती. साडेसातला त्या स्वतः आल्या, शिरा छान होता म्हणाल्या, फक्त तूप निम्मं पुरलं असतं असं बायकोला सांगितलं आणि माझ्याकडे वळून विचारलं, तुमच्या मिशा केसांपेक्षा जास्त काळ्या कशा?

बायको त्यानंतर दोन दिवस हसत होती.

कॉफीला मात्र त्या बोलवत. बोलवत म्हणजे चार दिवस आधी निरोप यायचा, बुधवारी साडेदहाला जमेल का. भिंतीला कान लावला तर खोकला ऐकू येतो एवढ्या अंतरावरच्या माणसाकडे जायला दिवस आणि वेळ ठरवायची, याचं मला हसू येत असे. तिथं बसलं की कॉफी यायची, मग बिस्किटांचा डबा उघडायचा, प्रत्येकानं एक घ्यायचं आणि डबा बंद. मी पहिल्यांदा रीतीप्रमाणे "नको, नको" म्हणालो. डबा माझ्या डोळ्यांदेखत बंद झाला. पुन्हा काही उघडला नाही. पुढच्या बुधवारी मी पहिल्याच हाकेला हात घातला.

निघायच्या आदल्या दिवशी अशीच कॉफी झाली. मुलगी बरोबर होती. उठता उठता मी म्हणालो, तुम्ही एकदा आमच्याकडे या. थंडीत या. शेतात वांगी भाजून भरीत करतो, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी असते, माझं घर तुमचंच समजा. इंग्रजीत म्हणालो, पण मनातून ते अहिराणीतच होतं, नेहमीसारखं.

शेजारीणबाई उठल्या, ड्रॉवरमधून एक छोटी कातडी डायरी काढली, चष्मा लावला आणि विचारलं, "कधी?"

मी म्हणालो, कधीही. त्या म्हणाल्या, कधीही असं पान यात नाही. मी हसलो, त्या हसल्या नाहीत. फेब्रुवारी म्हणालो. त्यांनी फेब्रुवारीचं पान काढून माझ्यासमोर धरलं. मी मुलीकडे बघितलं. तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते मला तेव्हा कळलं नाही, किंवा कळून घ्यायचं नव्हतं. मी एका रविवारवर बोट ठेवलं. त्यांनी तिथं माझं नाव लिहिलं आणि कंसात सकाळी असं लिहिलं.

घरी आल्यावर मुलीनं विचारलं, "बाबा, तुम्ही खरं बोलावलंत का त्यांना?"

मी मास्तर असल्यामुळे पोरीशी पहिल्यापासून पुस्तकी मराठीत बोललो. तिच्या आईनं ते कधी मनावर घेतलं नाही, ती आपली अहिराणीतच. मी म्हणालो, अगं, आपण म्हणतोच ना असं. एवढ्या लांब कोण येतंय.

"त्या येतील. तुम्ही तारीख दिलीत."

"बघू की तेव्हाचं तेव्हा."

मग ती जे बोलली ते मी जसंच्या तसं लिहितो, कारण तेवढ्यासाठीच हे सगळं लिहायला बसलोय. ती म्हणाली, "माझ्या बाळंतपणाच्या वेळी तुम्ही मला येतो म्हणालात. मी दिवस मोजत होते. त्या म्हणाल्या नव्हत्या, पण त्या आल्या. माझ्यापाशी दवाखान्यात रात्रभर बसल्या. घरी बाळ बघायला लोक आले तर तुमच्या जागी उभं राहून त्यांनी सगळ्यांना ते टोस्ट वाटले. आता त्यांनाही तुम्ही माझ्यासारखंच ताटकळत ठेवलंत, तर मी पुन्हा तुमचा शब्द धरणार नाही. मला धरताच येणार नाही."

त्यांच्याकडे मूल झालं की कुरकुरीत टोस्टला लोणी लावून त्यावर बडीशेपेच्या साखरगोळ्या पसरतात आणि येणाऱ्याजाणाऱ्याला देतात, आपण पेढे देतो तसे. त्या साखरगोळ्या शेजारीणबाईंनी वाटल्या होत्या. मी तेव्हा शहाद्यात होतो. शाळेच्या परीक्षा होत्या हे खरं, पण त्या दरवर्षीच असतात. खरं कारण असं की मला विमानाची भीती वाटत होती आणि हे मला कुणाला सांगवत नव्हतं, आणि तिची आई माझ्याशिवाय एकटी इतक्या लांब निघणार नव्हती. म्हणून मी शेवटच्या आठवड्यापर्यंत "येतो, येतो" म्हणत राहिलो. आधीच नाही म्हणालो असतो तर पोरीनं सासूला बोलावून घेतलं असतं. त्या बाळंतपणात पोरीला मी माझ्या होकारानं एकटं पाडलं.

तर असा मी.

ऑक्टोबरपासून शेजारीणबाईंच्या मेल यायला लागल्या. व्हिसा झाला. टोचून घ्यायच्या सुया झाल्या. तुमच्या घराला पायऱ्या किती? शहाद्यात सायकल भाड्यानं मिळते का? भरीत तिखट असेल तर किती तिखट, एक ते दहामध्ये सांगा. मी प्रत्येक मेलला "मोस्ट वेलकम" असं उत्तर देत असे. बायकोला दाखवल्यावर ती म्हणाली, "तुमले कोनी सांगेल व्हतं तारीखवर बोट ठेवाले?" मग उठून वरची खोली झाडायला घेतली.

डिसेंबरात त्यांची मेल आली: मुंबईवरून येणारी गाडी त्या रविवारी सकाळी नऊ चाळीसला नंदुरबारला पोचते. मी फलाटावर असेन.

त्याच आठवड्यात माझ्या थोरल्या बहिणीचा फोन आला. तिच्या धाकट्या मुलीचं लग्न ठरलं होतं, शहाद्यातच हॉल घेतला होता. दिवस कोणता असेल ते वाचणाऱ्याच्या लक्षात आलं असेल. मुहूर्त साडेअकराचा होता. तिला मी एकटाच भाऊ. आमच्याकडे नवरीला मांडवात मामा आणतो, मामा मागं उभा राहिल्याशिवाय मंगलाष्टकं सुरू होत नाहीत.

"मामाबिगर पोरले मांडवमा कोन आनी?" असं अक्कानं विचारलं, आणि ते विचारणं नव्हतं.

"येसू ना, अक्का," मी म्हणालो.

आता कुणीही म्हणेल, दोघींपैकी एकीला खरं सांगून टाकायचं. मला ते सुचलं नाही असं नाही. रोज सुचत होतं. पण अक्काला सांगितलं तर ती म्हणणार, गोरी मडम तुला भाचीपेक्षा मोठी झाली. आणि शेजारीणबाईंना सांगितलं तर त्या डायरीत खोडणार, आणि ते खोडलेलं माझ्या पोरीला दाखवणार. मला दोन्हीही सोसणार नव्हतं. म्हणून मी गणित मांडलं, मास्तर आहे ना. नऊ चाळीसची गाडी आपल्याकडे अकराच्या आत कधी येत नाही. साडेअकराचा मुहूर्त आपल्याकडे एकच्या आत कधी लागत नाही. सकाळी लग्नघरी तोंड दाखवून नऊला निघायचं, दहाला नंदुरबार, निवांत एक चहा, अकराला गाडी, सव्वाबाराला मांडवात. माझा सगळा बेत जगाच्या उशिरावर उभा होता. बायकोला मी गाडी दुपारची आहे असं सांगितलं. तेही खोटंच.

लग्नाच्या सकाळी नऊला निघालो तर अक्काच्या व्याह्यांनी हाताला धरलं, चहा घेतल्याशिवाय मामा जाऊच कसा शकतो. चहा घेतला. मग फेटे बांधणारा आला. मामाचा फेटा आधी. मी म्हणालो, नंतर बांधू. सगळे म्हणाले, नंतर कधी? मला नाही म्हणता येईना. गुलाबी फेटा, त्याला मागं दीड हात शेमला. मग फोटो. वाजंत्री दाराशीच बसलेली. माझ्या खिशातला फोन दोनदा वाजला तो मला ऐकू आला नाही. दहाला दहा कमी असताना मी गाडीत बसलो, आणि फेटा काढायचं डोक्यात आलं नाही.

प्रकाशाच्या तापीच्या पुलावर उसाच्या ट्रॉल्या एकामागं एक. तिथं थांबल्या थांबल्या मी फोन बघितला. दोन कॉल येऊन गेले होते आणि एक मेसेज होता: गाडी सात मिनिटं आधी आली आहे. मी फलाटावर आहे.

उभ्या आयुष्यात मला एकदाच रेल्वेनं फसवलं, आणि तेही वेळेच्या आधी येऊन.

पुलावर अडकलो असतानाच मी कारण ठरवलं. पंक्चर. उसाच्या ट्रॉल्यांचं सांगितलं असतं तर ते खरंही होतं आणि खपलंही असतं. पण खोट्याची सवय असलेल्या माणसाला समोर उभं असलेलं खरं दिसत नाही.

नंदुरबार स्टेशनवर पोचलो तेव्हा अकराला दहा कमी होते. शेजारीणबाई फलाटाच्या टोकाला आपल्या पेटीवर बसल्या होत्या. शेजारी खांडबाऱ्याकडची एक म्हातारी बाजाराची टोपली घेऊन पॅसेंजर गाडीची वाट बघत होती. दोघींच्या मध्ये रुमालावर बोरं होती. म्हातारी आपल्या बोलीत काहीतरी सांगत होती, शेजारीणबाई डच भाषेत उत्तर देत होत्या आणि दोघींचं ठीक चाललं होतं. बोरांच्या बिया त्यांनी एका कागदात नीट गुंडाळून ठेवल्या होत्या.

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग फेट्याकडे.

"तुमचं लग्न आहे का आज?" त्यांनी विचारलं.

मी हसण्याचा प्रयत्न केला आणि म्हणालो, माफ करा, वाटेत पंक्चर झालं. त्यांनी घड्याळ बघितलं, सत्त्याहत्तर मिनिटं असं म्हणाल्या, त्या म्हातारीचा हात हातात घेऊन निरोप घेतला आणि पेटी ओढत निघाल्या. पेटी मला उचलू देईनात. गाडीपाशी आल्यावर त्या आत बसल्या नाहीत. कोणतं चाक, असं विचारलं. मी म्हणालो, मागचं, डावं. त्या खाली वाकल्या. माणूस इतका वाकू शकतो त्या वयात, सायकलीमुळे असेल. मग गाडीला वळसा घालून त्यांनी चारही चाकं बघितली. चाळीस किलोमीटर परत जायचंय, बदललेल्या चाकाचे नट घट्ट आहेत का ते बघायला हवं, असं त्या म्हणत होत्या. काळजीनं म्हणत होत्या, मला धरायला नव्हे. हे मला जास्त लागलं.

चारही चाकांवर सारखी धूळ होती. मग त्यांनी डिकी उघडायला सांगितली. स्टेपनीवर कांद्याची गोणी होती, दिवाळीपासून तिथंच पडलेली. गोणीला मोड आले होते.

"यातलं एकही चाक बदललेलं नाही," त्या म्हणाल्या.

स्टेशनसमोर रिक्षावाले उभे होते, गुलाबी फेट्यातला मास्तर आणि कांद्यावर वाकलेली गोरी बाई बघत होते. पळून जायला जागा नव्हती. मी सांगितलं. आज बहिणीच्या मुलीचं लग्न आहे. मी तुम्हालाही हो म्हणालो होतो आणि तिलाही. मला वाटलं होतं, गाडी उशिरा येईल.

"म्हणजे गाडीही उशिरा यायला हवी होती आणि लग्नही उशिरा लागायला हवं होतं."

"हो."

त्या थोडा विचार करून म्हणाल्या, "तुम्ही मला कळवायचं होतं. मी सोमवारी आले असते. मुंबईत माझे दोन दिवस मोकळे गेले."

एवढंच होतं. डिसेंबरपासून मी रात्री कूस बदलत होतो, बायकोशी खोटं बोललो, पोरीचे फोन अर्धवट तोडले, आणि उत्तर एका ओळीच्या मेलमध्ये बसत होतं. मला त्या क्षणी अक्काची, पोरीची, कुणाचीच भीती वाटली नाही. फक्त फार मूर्ख वाटलं.

मग त्या म्हणाल्या, मी रागावले आहे. असं तोंडानं सांगितलेलं मी पहिल्यांदा ऐकलं. आमच्याकडे राग सांगत नाहीत. आठ दिवस भाजीत मीठ कमी पडलं की समजून घ्यायचं. मी खाली मान घालून उभा राहिलो, पुढचं ऐकायला. पुढचं काही नव्हतं. लग्न लागलं का, असं त्यांनी विचारलं. मी म्हणालो, माझ्याशिवाय लागणार नाही. "मग आपण इथं कशाला उभे आहोत?"

वाटेत त्या पुढच्या सीटवर बसून केळीच्या बागा बघत होत्या, पपया बघत होत्या, आणि मी ट्रॅक्टरला ओव्हरटेक केलं की डोळे मिटत होत्या. प्रकाशाच्या पुलावर त्यांनी नदीचं नाव विचारलं. मग म्हणाल्या, तुमच्या मुलीनं मला आधीच सांगितलं होतं, बाबा प्रेमळ आहेत पण त्यांच्या 'हो'ला एक महिना थांबून बघावं लागतं. मी ते डायरीत लिहिलं नाही, कारण मला वाटलं ती चेष्टा करते आहे.

हॉलवर पोचलो तर बाराला दहा मिनिटं वर झाली होती. आणि त्या एका दिवशी भटजी वेळेवर आलेले, मुलाकडचे वेळेवर आलेले, नवरी आतल्या खोलीत पाटावर बसलेली. सगळा मांडव माझ्यासाठी खोळंबला होता. अक्का दारातच उभी होती.

"भाऊ, बामन कव्हयना थांबेल शे, मन्ही पोर पाटवर बठेल शे, आनि तू मडमले लईसन फिरी ऱ्हायना."

मी तिलाही सांगितलं, तिथंच, वाजंत्र्यांच्या आवाजात ओरडून. की मी दोघींना हो म्हणालो होतो. अक्का माझ्याकडे बघत राहिली. तिच्या पाठीमागं बायको उभी होती, तिनं कपाळाला हात लावला आणि शेजारीणबाईंना हाताला धरून आत नेलं. मी भाचीला मांडवात आणलं. अंतरपाटाच्या मागं उभं राहिलो. मंगलाष्टकं चालू असताना अक्षता माझ्या हातातून निम्म्या आधीच सांडल्या होत्या.

लग्न लागल्यावर शेजारीणबाईंनी नवरा-नवरीचं अभिनंदन केलं, आणि मग थांबल्या नाहीत. त्यांच्या देशात वाढदिवस असला की नुसत्या वाढदिवसवाल्याचं अभिनंदन करून भागत नाही. त्याच्या आईचं, भावाचं, काकाचं, गोल करून बसलेल्या प्रत्येकाचं हात हातात घेऊन करायचं असतं. जावयाच्या वाढदिवसाला एका अनोळखी गृहस्थानं माझंही केलं होतं. इथं त्यांनी अक्कापासून सुरुवात केली. मग मेहुणे, व्याही, नवऱ्याची आत्या, नवऱ्याच्या आत्याची जाऊ, फेटे बांधणारा. शंभरेक माणसं तरी झाली असतील. कुणाला काही कळत नव्हतं, पण हात पुढं केला की माणूस घेतोच. पंगतीत बट्टी वाढणाऱ्यानं आग्रह केला तेव्हा त्यांनी एकदाच नको म्हटलं आणि ताटावर दोन्ही हात पालथे ठेवले. वाढप्यानं बोटांवरून तूप सोडलं. तेव्हा मात्र त्या मोठ्यानं हसल्या.

निघताना अक्कानं त्यांना कुंकू लावलं, नारळ दिला आणि मला म्हणाली, "हिले सांग, मन्हा राग तुन्हावर शे, तिन्हावर नही." मी भाषांतर केलं. शेजारीणबाई म्हणाल्या, माझाही. दोघींनी एकमेकींकडे बघून मान हलवली, जुनी ओळख असल्यासारखी.

घरी आलो तेव्हा चार वाजून गेले होते. शेजारीणबाई हातपाय धुऊन ओट्यावर खुर्चीत बसल्या. बायकोनं चहा आणला आणि बिस्किटांचा पुडा फोडून सगळीच्या सगळी बिस्किटं ताटलीत ओतली. त्यांनी एक घेतलं. बाकीच्यांकडे त्या जरा काळजीनं बघत होत्या, ती सादळतील म्हणून असावं.

तेवढ्यात मुलीचा फोन आला. तिच्याकडे तेव्हा दुपारचे बारा वाजत होते. पोचल्या का, जेवल्या का, असं विचारून झालं. मग तिनं विचारलं, "बाबा, स्टेशनवर वेळेवर होतात ना?"

प्रश्न मराठीत होता. शेजारीणबाईंना कळणार नव्हता. बायको चहाची कपबशी हातात घेऊन माझ्याकडे बघत थांबली. मला आठवतं, हो म्हणायला तोंड उघडलं होतं. ओठ त्या आकाराला आले होते. इतक्या वर्षांची सवय.

"नाही," मी म्हणालो. "सव्वा तास त्या फलाटावर एकट्या बसल्या होत्या. मी अक्काच्या पोरीच्या लग्नालाही हो म्हणून बसलो होतो. आणि पोचल्यावर पंक्चर झालं म्हणून खोटं सांगितलं. त्यांनी चाकं तपासली."

"माहीत आहे मला," ती म्हणाली. "उठल्या उठल्या त्यांचा मेसेज बघितला. तुझे वडील आलेले नाहीत, मी थांबते आहे, असा. तेव्हापासून सकाळभर फोन हातात घेऊन बसलेय."

"मग केला का नाहीस?"

"तुम्ही मला काय सांगता ते बघायचं होतं."

ती रडत होती की हसत होती, मला फोनवर ओळखता आलं नाही. थोड्या वेळानं म्हणाली, चाकं तपासली म्हणजे खाली वाकून? मी म्हणालो, चारही. आणि डिकीतली स्टेपनीसुद्धा. तेव्हा ती नक्की हसली. मग म्हणाली, त्यांना द्या फोन.

मी फोन शेजारीणबाईंना दिला. दोघी डचमध्ये बोलू लागल्या. त्या भाषेचं मला पाच आठवड्यांत एक अक्षर कळलं नाही, पण मधूनच शेजारीणबाई माझ्याकडे बघत आणि बोटांनी डोक्याभोवती गोल काढत, म्हणजे फेट्याचं चाललं असणार. मग त्या गंभीर झाल्या, बराच वेळ नुसतं ऐकत होत्या, मान हलवत होत्या. एरवी मी अशा वेळी काही निमित्त काढून आत गेलो असतो. त्या दिवशी गेलो नाही. दोघी माझ्याबद्दल बोलत होत्या, आणि मी समोर बसून होतो.